बीज, भूमि आणि कुष्ठरोग

कांहीं प्रश्न असे असतात कीं, शास्त्रांत त्यांचा निकाल एकदां लागला तरी समाजांत तो लागत नाहीं. आणि शास्त्रानें त्याच प्रश्नाकडे पुनः नव्या दृष्टीनें पाहिलें, म्हणजे समाजाचा जुना ग्रह "आम्ही हेंच तर पूर्वींपासून सांगत होतों," असें म्हणत पुनश्च डोकें वर काढतो. कुष्ठरोग वंशपरंपरेनें येतो कीं संसर्गानें, हा प्रश्न अशांपैकींच एक आहे.

आम्ही राहतों त्या नवीन पनवेलहून नेऱ्याच्या वाटेस लागलें, म्हणजे प्रबळगड व माथेरान यांच्या डोंगरांखालीं, गाढी नदीच्या खोऱ्यांत, शांतिवन नांवाची वसाहत लागते. कुष्ठरोग निवारण समितीनें विसाव्या शतकाच्या मध्यास आरंभिलेल्या कार्याचें हें स्थान. पनवेलच्या लोकांस तें नांवानें ठाऊक आहे. परंतु नांव ठाऊक असणें निराळें आणि ज्या दुःखासाठीं तें उभें राहिलें त्याचा इतिहास ठाऊक असणें निराळें. याचा प्रत्यय आम्हांस गेल्या पावसाळ्यांत आला. आमच्या परिचयाचे एक सुशिक्षित गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांच्या मुलासाठीं एका मुलीचें स्थळ आलें होतें. मुलगी शिकलेली, घराणें सालस. परंतु चौकशी करतां करतां असें समजलें कीं, मुलीच्या आजोबांस तरुणपणीं कुष्ठरोग झाला होता. ते औषधानें बरे झाले, पुढें संसार केला आणि वार्धक्यानें वारले. गृहस्थ म्हणाले, "सर, हा रोग जंतूंचा आहे, हें मलाहि कळतें. पण आतां शास्त्रज्ञच म्हणतात ना, कीं तो जनुकांत असतो? मग आमची आजी 'रक्तांत आहे' म्हणत असे, त्यांत तिचें काय चुकलें?"

प्रश्न प्रामाणिक होता, आणि एका मुलीच्या आयुष्याशीं त्याचा संबंध होता. म्हणून त्याचें उत्तर हंसण्यावारी नेणें आम्हांस बरें वाटलें नाहीं. आमचा विषय इतिहास, वैद्यक नव्हे. तथापि या प्रश्नाचें उत्तर बरेंचसें इतिहासांतच आहे.

हा रोग आपल्या देशांत फार जुना आहे. उदयपूरजवळील बालाथल येथील उत्खननांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजाच्या पुरातत्त्वज्ञांचा हात होता. तेथें सांपडलेल्या सुमारें चार हजार वर्षांपूर्वींच्या एका सांगाड्यावर कुष्ठरोगाच्या खुणा असल्याचें इ.स. २००९ मध्यें प्रसिद्ध झालें. आपल्या वैद्यकग्रंथांत सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत कुष्ठावर एक स्वतंत्र अध्याय आहे. कुष्ठ या एका नांवाखालीं तेथें अठरा प्रकारचे त्वग्रोग घातलेले असून आज आपण ज्यास कुष्ठरोग म्हणतों तो त्यांतील थोड्याच वर्णनांशीं जुळतो. परंतु लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, या एकाच अध्यायांत रोगाचीं तीन कारणें शेजारीं शेजारीं बसलेलीं आहेत: पूर्वकर्म अथवा पाप, मातापित्यांच्या शुक्रशोणितांतील दोष, आणि एकत्र भोजन, एक शय्या, एक वस्त्र, अंगास अंग लागणें, यांनीं होणारा संसर्ग. ग्रंथकारानें तिन्ही नोंदविलीं. समाजानें मात्र त्यांतील पहिलीं दोन मनांत धरून ठेविलीं. संसर्गानें आलेला रोग हें दुर्दैव ठरतें, पाप व कुळ यांनीं आलेला रोग हा कलंक ठरतो. आणि दुसऱ्याच्या दुर्दैवापेक्षां त्याचा कलंक मानणें मनुष्यस्वभावास नेहमींच सोपें जातें.

युरोपांतील विद्वानहि या मोहापासून मुक्त नव्हते. एकोणिसाव्या शतकांत नॉर्वे देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर हा रोग बराच माजला होता, आणि बर्गेन हें शहर त्याच्या अभ्यासाचें माहेरघर बनलें होतें. तेथें डॅनियलसेन व बोएक या दोघांनीं १८४७ मध्यें या विषयावरील पहिला खरोखर शास्त्रीय ग्रंथ लिहिला, आणि रोग मुख्यतः आनुवंशिक आहे असें प्रतिपादन केलें. डॅनियलसेन हा धाडसी पुरुष होता. रोग्याच्या गांठींतील द्रव्य त्यानें स्वतःच्या अंगांत टोंचून घेतलें. त्याच्या कांहीं सहकाऱ्यांनींहि तसेंच केलें. कोणासहि रोग झाला नाहीं. यावरून रोग सांसर्गिक नाहीं, असें त्याचें मत अधिकच दृढ झालें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिच्याकडे आपणांस पुनः यावयाचें आहे. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेनें निरनिराळ्या वसाहतींतून माहिती मागवून १८६७ मध्यें जो अहवाल काढिला, त्याचाहि रोख असाच होता. जगांतील श्रेष्ठ पंडित आणि आमच्या स्नेह्यांची आजी यांचें त्या काळीं एकमत होतें!

या मताला धक्का बसला त्यांत आपल्या मुंबई इलाख्याचा थोडा संबंध आहे. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर हें नांव आज फारसें कोणाच्या स्मरणांत नाहीं. ग्रे याचा शरीररचनेवरील सुप्रसिद्ध ग्रंथ १८५८ मध्यें प्रकाशित झाला, त्यांतील चित्रें या कार्टरनें काढिलीं. त्याच सालीं तो मुंबईस आला, ग्रँट मेडिकल कॉलेजांत शरीरशास्त्राचा अध्यापक झाला, आणि पुढें कित्येक वर्षें साताऱ्यास सिव्हिल सर्जन होता. जमशेटजी जीजीभाई रुग्णालयांत व बाहेर त्यानें कुष्ठरोग्यांची तपासणी केली, आणि १८७३ मध्यें तो नॉर्वेस गेला. नेमक्या त्याच वर्षीं बर्गेन येथें डॅनियलसेनचाच जांवई आर्माउएर हान्सेन यास रोग्यांच्या गांठींत दांडीच्या आकाराचे सूक्ष्म जंतु दिसले. कार्टरनें नॉर्वेंतील आश्रमांवर जो वृत्तांत लिहिला, त्यांत हिंदुस्थानांतहि तशी व्यवस्था व्हावी असा त्याचा आग्रह होता. सासऱ्याच्या सिद्धान्ताविरुद्ध जांवयानें पुरावा गोळा करावा, हा योग विलक्षण खरा. परंतु हान्सेन तेथेंच थांबला नाहीं. १८८८ मध्यें तो अमेरिकेंत गेला. नॉर्वे सोडून तेथें वसलेल्या लोकांत कांहीं कुष्ठरोगी होते; त्यांच्या मुलानातवंडांचा त्यानें शोध घेतला, आणि त्यांत त्यास एकहि रोगी आढळला नाहीं. रक्त तेंच होतें. देश, घर व राहणी मात्र बदललीं होतीं. रोग जर केवळ रक्तांत असता, तर तो समुद्र ओलांडून गेला असता.

हान्सेनचा जय झाला. परंतु सत्याचा अर्धाच भाग हातीं आला म्हणजे काय होतें, हें पुढील इतिहासांत दिसतें. मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांची सेवा करणारे फादर डेमियन १८८९ मध्यें त्याच रोगानें वारले, आणि सर्व जगांत भीतीची एक लाट उसळली. १८९०–९१ मध्यें एक कमिशन हिंदुस्थानांत येऊन ठिकठिकाणीं फिरलें. त्याचा निर्णय त्या गडबडीच्या मानानें फार समतोल होता: रोग आनुवंशिक नाहीं, तो संसर्गजन्य आहे, परंतु संसर्गानें त्याचा होणारा प्रसार अत्यंत अल्प आहे. तरीहि १८९८ मध्यें जो कायदा झाला, त्यानें ज्यास उपजीविकेचें साधन नाहीं अशा कुष्ठरोग्यास वॉरंटावांचून पकडण्याचा अधिकार पोलिसांस दिला. श्रीमंताचा रोग घरांत राहिला. गरिबाचा रोग तेवढा गुन्हा ठरला.

या काळांतील मुंबईच्या आश्रमाची हकीकत मराठी वाचकांस विशेष वाटेल. १८९० मध्यें माटुंग्यास निराश्रित कुष्ठरोग्यांसाठीं जो आश्रम निघाला, त्यामागें म्युनिसिपल कमिशनर ॲकवर्थ यांचा पुढाकार होता. वडाळ्याचें रुग्णालय आजहि त्यांच्या नांवानें चालतें. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साह्यानें मराठ्यांचे ऐतिहासिक पोवाडे संग्रहित करून १८९१ मध्यें प्रसिद्ध करणारे ॲकवर्थसाहेब ते हेच. आश्रमामुळें रस्त्यावरील कित्येकांस अन्न, छप्पर व उपचार मिळाले यांत संशय नाहीं. परंतु भिंतीच्या आंत गेलेला मनुष्य समाजाच्या हिशेबांतून गेला, हेंहि तितकेंच खरें. मिशनऱ्यांच्या आश्रमांत रोग्यांचीं निरोगी मुलें आईबापांपासून दूर ठेवीत, आणि त्या गृहांस जें इंग्रजी नांव देत त्याचा अर्थ 'निष्कलंक मुलांचें गृह' असा होई. संसर्गाचें शास्त्र मान्य झालें होतें, तरी भाषा कलंकाचीच राहिली होती.

असो. जंतु सांपडला तरी एक कोडें सुटलें नव्हतें. पति रोगी, पत्नी चाळीस वर्षें त्याच घरांत, आणि ती धडधाकट. पांच भावंडें एका ताटांत जेवलेलीं, त्यांपैकीं एकासच रोग. आश्रमांतील परिचारक जन्मभर जखमा धूत राहिलेले, आणि त्यांच्या अंगावर चट्टासुद्धां नाहीं. आपल्याकडील सेवकांचीच उदाहरणें पाहावीं. वर्ध्याजवळ दत्तपूर येथें मनोहरजी दिवाण यांनीं १९३६ मध्यें कुष्ठधाम सुरू केलें. सेवाग्रामांत गांधीजी परचुरेशास्त्र्यांचे व्रण स्वतःच्या हातांनीं धूत असत. बाबा आमटे यांच्या चरित्रांत असें नमूद आहे कीं, कलकत्त्यास या रोगाचें शिक्षण घेत असतां त्यांनीं प्रयोगासाठीं आपल्या शरीरांत कुष्ठजंतु टोंचून घेतले. रोग झाला नाहीं. शंभर वर्षांपूर्वींच्या डॅनियलसेनचाच हा प्रयोग. डॅनियलसेननें त्यावरून रोग सांसर्गिक नाहीं असें अनुमान काढिलें, आणि तें चुकीचें होतें. जंतु खरा होता, टोंचणेंहि खरें होतें. परंतु ज्या भूमींत तें बीज पडलें, तेथें तें रुजलें नाहीं. शंभर माणसांपैकीं सुमारें पंचाण्णवांची भूमि अशीच असते, असें आज मानण्यांत येतें. डॅनियलसेनला दिसलें तें संसर्गाचें खोटेपण नव्हतें. ती मनुष्याची स्वाभाविक प्रतिकारशक्ति होती.

ही शक्ति सर्वांत सारखी नसते, याचें पहिलें स्पष्ट दर्शन जपानांतील मित्सुदा याच्या कामांतून घडलें. मारलेल्या जंतूंचें द्रव्य रोग्यांच्या कातडींत टोंचलें असतां कांहींच्या अंगावर गांठ उठे, कांहींच्या अंगावर कांहींच उठत नसे, असें त्यानें १९१९ मध्यें नोंदविलें. ज्यांची शक्ति बलवान, त्यांचा रोग दोनचार चट्ट्यांवर थांबे. ज्यांची दुबळी, त्यांच्या सर्वांगांत जंतु पसरत. रिडले व जॉप्लिंग यांनीं १९६६ मध्यें रोगाच्या ज्या पायऱ्या लावून दिल्या, त्या याच तत्त्वावर. येथें अशी शंका येईल कीं, जंतूंतच सौम्य व उग्र जाति असतील. परंतु २००१ मध्यें या जंतूच्या संपूर्ण जनुकसंचाचें वाचन झालें, आणि पुढें देशोदेशींचे नमुने ताडून पाहतां असें दिसलें कीं, जगभर हा जंतु जवळजवळ एकच आहे. बीज एक असतां पीक निराळें निघतें, त्या अर्थीं भेद भूमींत असला पाहिजे.

भूमीचा हा भेद कितपत उपजत आहे, याची उत्तम परीक्षा जुळ्या भावंडांवर होते. चक्रवर्ती व फोगेल यांनीं आपल्याच देशांतील शंभरांहून कांहीं अधिक जोड्या तपासून १९७३ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध केले. हुबेहूब जुळ्यांत, म्हणजे ज्यांचीं जनुकें एकच असतात अशांत, दोघांसहि रोग असल्याचें प्रमाण शेंकडा सुमारें साठ भरलें. साध्या जुळ्यांत तें शेंकडा सुमारें वीस. घर, अन्न व सोबत दोन्ही प्रकारच्या जुळ्यांस सारखींच लाभतात. तेव्हां या फरकांत जनुकांचा हात आहे हें कबूल केलें पाहिजे. परंतु त्याच आंकड्याची दुसरी बाजूहि वाचावी: एकच जनुकसंच असलेल्या शंभर जोड्यांपैकीं चाळिसांत एक आजारी व दुसरा निरोगी होता. जनुक म्हणजे ब्रह्मलिखित नव्हे.

हीं जनुकें करतात तरी काय? पूर्वीं गांवाच्या वेशीवर जागल्या असे. अनोळखी मनुष्य रात्रीं आला तर तो ओळखून हांक देणें त्याचें काम. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर असे जागले असतात. त्यांतील एकास शास्त्रज्ञ 'टी.एल.आर. १' म्हणतात. त्याच्या जनुकाच्या घडणींत एका अक्षराचा फरक पडला म्हणजे त्याच्या हांकेची पद्धति बदलते, आणि कुष्ठजंतूच्या बाबतींत हा बदल कित्येकदां हितकारकच ठरतो. दुसरा वर्ग 'एच.एल.ए.' या नांवाचा. याचा पहिला शोध पॅरिसमध्यें झां दोसे यानें १९५८ मध्यें लाविला, आणि १९८० मध्यें त्याबद्दल त्यास नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. पकडलेल्या जंतूचा तुकडा चावडीवर नेऊन पंचांपुढें मांडावा, तसें या रेणूंचें काम आहे. ते शेंकडों प्रकारचे असतात, आणि प्रत्येक प्रकाराच्या हातांत निराळा तुकडा बसतो. म्हणून एकाच जंतूचा खटला एका शरीरांत नीट उभा राहतो, दुसऱ्यांत ढिला पडतो. 'डी.आर. १५' या प्रकाराचा कुष्ठरोगाशीं संबंध आपल्या देशांत व इतरत्र वारंवार आढळला आहे. परळच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारांतील इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेनेंहि एच.एल.ए.च्या दृष्टीनें कुष्ठरोग्यांचा अभ्यास केला आहे. दिल्ली व कलकत्ता येथील रोग्यांवरील २०१० च्या निबंधांत जीं दोन स्थानें ठळकपणें पुढें आलीं, तीं हींच: आमचा जागल्या आणि डी.आर.चा विभाग.

याहून नवल २०१८ मध्यें कळलें. डेन्मार्कांतील ओडेन्स येथें मध्ययुगांतील कुष्ठरोग्यांची एक दफनभूमि आहे. तेथील हाडांतून जनुकें काढून वाचलीं असतां त्या मृतांतहि डी.आर. १५ चाच एक प्रकार प्रमाणाबाहेर आढळला. म्हणजे गोरा डेन आणि गंगेकांठचा शेतकरी यांच्या या रोगापुढील दुबळेपणाचें एक मूळ एकच आहे. जात, वर्ण, कुळ या आपल्या वर्गवाऱ्यांशीं जनुकांस कांहीं कर्तव्य नसतें, याचा याहून चांगला दाखला कोणता? उलट, एका देशांतील निष्कर्ष दुसऱ्यास लागू पडेलच असेंहि नाहीं. व्हिएतनामांत २००४ मध्यें 'पार्क २' या जनुकाचा जो संबंध दिसला, तो आपल्याकडील रोग्यांत पुढें पडताळून पाहतां आढळला नाहीं.

आतां आमच्या स्नेह्यांच्या आजीकडे वळूं. ती म्हणे, रोग रक्तांत आहे. शास्त्र म्हणतें, रोग रक्तांत नाहीं. रोग जंतूंत आहे, रक्तांत आहे ती त्यास तोंड देण्याची कमीअधिक तयारी. या दोन विधानांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. पहिल्याप्रमाणें पाहिलें तर नातीच्या अंगांत आजोबांचा रोग दडून बसला आहे. दुसऱ्याप्रमाणें पाहिलें तर तिच्या अंगांत कोणताहि रोग नाहीं. आजोबांच्या जनुकांचा सुमारें चौथा हिस्सा तिच्याकडे आला आहे, आणि त्यांत तो विशिष्ट प्रकार आला असेल किंवा नसेलहि. आणि आला असला तरी काय? डी.आर. १५ चा जो प्रकार ओडेन्सच्या थडग्यांत सांपडला, त्याच्याच जोडीनें येणारी जनुकें बालवयांतील मधुमेहापासून संरक्षण करतात, असें सिद्ध झालें आहे. एका शत्रूपुढें दुबळी असणारी भूमि दुसऱ्यापुढें बळकट असते. म्हणून निसर्गानें हे शेंकडों प्रकार जतन केले. एकच सर्वोत्तम प्रकार असता, तर बाकीचे कधींच नाहींसे झाले असते.

आम्ही त्या गृहस्थांस इतकें सांगून एक प्रश्न विचारला: "तुमच्या घराण्यांत तो प्रकार नाहीं, हें आपण कशावरून म्हणतां?" ते म्हणाले, "आमच्याकडे हा रोग कोणासच झालेला नाहीं." परंतु हा पुरावा नव्हे. हा प्रकार लक्षावधि निरोगी लोकांत असतो. ज्याची जंतूशीं गांठच पडली नाहीं, ज्यास बालपणीं पोटभर अन्न व मोकळी हवेशीर खोली मिळाली, त्याची भूमि कशी होती याची परीक्षा कधीं झालीच नाहीं. मुलीच्या आजोबांची परीक्षा झाली. आपल्या आजोबांची झाली नाहीं. ज्याची परीक्षा झाली त्यास नापास ठरवावें आणि जो परीक्षेस बसलाच नाहीं त्यानें पहिल्या वर्गाचा मान मिरवावा, हा कोठला न्याय?

शिवाय भीतीचें कारणहि आतां उरलेलें नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें १९८१ मध्यें अनेक औषधांची एकत्र योजना सुचविली. सहा महिने किंवा एक वर्ष औषध घेतलें म्हणजे रोग बरा होतो, आणि संसर्गाची शक्ति तर आरंभींच्या थोड्या दिवसांतच नाहींशी होते. औषध विनामूल्य मिळतें. १८९८ चा तो कायदा २०१६ मध्यें रद्द झाला. कुष्ठरोग हें घटस्फोटाचें कारण म्हणून कायद्यांत होतें, तें २०१९ मध्यें काढून टाकण्यांत आलें. असें असूनहि २०२२ मध्यें आपल्या देशांत एक लाखाहून अधिक नवे रोगी नोंदले गेले, आणि जगांतील नव्या रोग्यांपैकीं निम्म्याहून अधिक आपलेच आहेत. याचें एक कारण असें कीं, अंगावर बधिर चट्टा दिसला तरी माणसें तो झांकून ठेवितात. आणि झांकून ठेवितात तीं रोगाच्या भयानें नव्हे, मुलींचीं लग्नें मोडतील या भयानें. जी चौकशी करून आमचे स्नेही आपल्या घराचें रक्षण करूं पाहत होते, तशाच चौकश्यांमुळें रोगी वैद्याकडे उशिरां जातो, बोटें झडेपर्यंत घरांत बसतो, आणि तोंवर जंतु शेजाऱ्यापर्यंत पोंचतो.

जनुकांचें ज्ञान हें फार मोलाचें ज्ञान आहे. त्यापासून उद्यां अधिक चांगल्या लशी निघतील, कोणास अधिक जपावें हें कळेल. परंतु हें ज्ञान कुळाच्या जुन्या तराजूंत घातलें, तर त्याचें वजन खोटेंच भरेल. डॅनियलसेनजवळ आजचीं साधनें नव्हतीं. त्याच्या चुकीबद्दल त्यास दोष देतां येत नाहीं. आपणांजवळ तीं आहेत.

गृहस्थ बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. निघतांना त्यांनीं एवढेंच विचारलें कीं, नेऱ्यास जाणारी बस कोठून मिळते, आणि तेथें बाहेरच्या माणसास जातां येतें काय. आम्ही त्यांस रस्ता सांगितला. पुढच्या रविवारीं आम्हीहि त्यांच्याबरोबर गेलों.